लग्नाला साहेबाची सही

जून १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्धखात्याने एक परिपत्रक काढलं. परदेशात कामगिरीवर असलेल्या सैनिकाला लग्न करायचं असेल, तर आधी कमांडिंग ऑफिसरची परवानगी घ्यावी लागेल, एवढंच त्यात म्हटलं होतं. परवानगीविना लग्न उरकलं तर कोर्ट मार्शल. अमेरिकन शिपाई आणि इंग्रज मुली यांच्या युद्धकाळातल्या प्रेमावर आजवर ढीगभर सिनेमे निघाले, कादंबऱ्या आल्या. चॉकलेट, नायलॉनचे मोजे, डान्स हॉल, स्टेशनावरचा निरोप हे सगळं त्यांत असतं. हा परवानगीचा कागद मात्र फारसा कुठे दिसत नाही. कुणाचं लग्न लागलं, कुणाचं राहिलं आणि कुणाच्या पोराला बापाचं नाव मिळालं नाही, हे बरंचसं त्या कागदावरच्या सहीने ठरवलं.

अमेरिकन फौजेची पहिली मोठी तुकडी बेलफास्टच्या धक्क्यावर उतरली ती २६ जानेवारी १९४२ रोजी. युद्धाला तोवर जवळजवळ अडीच वर्षं होत आली होती. ब्रिटनची तरुण पोरं उत्तर आफ्रिकेत, मलायात, ब्रह्मदेशात अडकली होती, हजारो जण जर्मनांच्या कैदेत होते. मागे राहिलेल्या मुलींनाही सरकारने मोकळं सोडलं नव्हतं. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या अविवाहित मुलींना कामावर सक्तीने बोलावता येऊ लागलं. फौजेच्या महिला दलात जा, नागरी संरक्षणात जा, नाहीतर कारखान्यात. शेतीवर राबायला महिलांची वेगळी सेना होतीच. बायकांची अशी भरती ब्रिटनने त्याआधी कधी केली नव्हती.

या कायद्याचा एक परिणाम सरकारच्या हिशेबात नव्हता. आईबापांच्या नजरेखाली वाढलेली विशी-बाविशीची मुलगी आता परगावी वसतिगृहात किंवा कुणाच्या तरी घरी खोली घेऊन राहू लागली. आठवड्याचा पगार तिच्या हातात पडू लागला. रात्रपाळीवरून घरी येताना ब्लॅकआउटच्या अंधारात कुणाबरोबर चालायचं, हे तिचं तिनेच ठरवायचं. अमेरिकन शिपाई भेटला नसता तरी ही मुलगी बदललीच असती. तो भेटला म्हणून सगळा ठपका त्याच्या माथी आला, एवढंच.

आणि तो भेटला तोही खिसा भरलेला. अमेरिकन साध्या शिपायाचा मूळ पगार महिना ५० डॉलर, परदेशात असला की त्यावर २० टक्के जास्त. ब्रिटिश शिपायाच्या हातात पडे त्याच्या चौपट-पाचपट ही रक्कम भरे. इकडे १ जून १९४१ पासून कपडे कूपनवर गेले होते. माणशी वर्षाला ६६ कूपनं, त्यातली १४ एका लोकरीच्या कोटाला जायची. पुढे ती संख्याही घटत गेली. जुलै १९४२ मध्ये गोळ्या-चॉकलेटही रेशनवर आली. त्या दुष्काळात साबणाची वडी, संत्री, पीचचा डबा घेऊन दारात उभा राहणारा, गृहिणीला अदबीने ‘मॅम’ म्हणणारा परका तरुण आवडला नसता तरच नवल. ब्रिटिश पुरुषांच्या त्यांच्याबद्दल तीनच तक्रारी असत असं गमतीने म्हणायचे: पगार जास्त, वासना जास्त आणि तिसरी म्हणजे ते इथे आहेत.

तरीही ‘पोरी चॉकलेटला भुलल्या’ हे स्पष्टीकरण मला कोतं वाटतं. चॉकलेटसाठी कुणी आईबाप, देश, भाषेचा हेल सोडून साडेतीन हजार मैलांवर संसार थाटायला जात नाही.

लग्नाचं ठरलं की अर्ज. अर्जानंतर काही महिने थांबायचं, हा नियमच होता. घाईत उरकलेली लग्नं टिकत नाहीत आणि बायको असलेला शिपाई लढाईत बिचकतो, अशी वरिष्ठांची समजूत होती. त्या मुदतीत चौकशी चाले. शिपायाचं मायदेशी आधीच लग्न झालेलं नाही ना? बायको पोसायची ऐपत आहे ना? लष्करी पाद्री दोघांना बसवून घेऊन प्रश्न विचारी. मुलीच्या घरची, चालचलणुकीची माहिती काढली जाई आणि त्यात रेडक्रॉसचीही मदत होई. मुलगी २१ वर्षांच्या आतली असेल, तर इंग्लंडच्या कायद्याने आईबापांची संमती वेगळी लागायची. एवढं सगळं पार पडल्यावरही कमांडिंग ऑफिसर अर्ज नाकारू शकत होता. त्याचं मत बदलण्याचा उपाय मुलीच्या हाती जवळपास नव्हताच, कारण ती त्याच्या हुकमतीखाली नव्हती आणि तिचं सरकार या बाबतीत मध्ये पडायला तयार नव्हतं.

विमानदलात तर ही मुदत जिवावर यायची. पूर्व इंग्लंडच्या तळांवरून जर्मनीवर बाँब टाकायला जाणाऱ्या आठव्या हवाई दलातल्या वैमानिकांना आधी २५ मोहिमा पुऱ्या करायच्या असत, मग ती संख्या ३० आणि ३५ झाली. १९४३ मध्ये २५ मोहिमा करून धड परत येणारा नशीबवान गणला जाई. अर्ज टेबलावर आणि अर्जदार जर्मनीच्या आकाशात, अशी ती स्थिती. मग थांबायचं की नाही? परवानगीची वाट पाहत ‘सभ्यपणे’ राहायचं की हाताशी आहे तेवढी रात्र आपली म्हणायची? या प्रश्नाचं उत्तर मुलींनी दोन्ही प्रकारे दिलं. ज्यांनी दुसरं उत्तर दिलं त्यांच्यावर नंतर बरंच काही लिहिलं-बोललं गेलं. सैनिकांवर तसं फारसं कुणी लिहिलं नाही.

मंजुरी मिळाली की लग्नाची तयारी हा वेगळाच प्रकार असे. केकवर साखरेचा थर द्यायला ऑगस्ट १९४० पासूनच बंदी होती. मग केकवाल्यांनी पुठ्ठ्याचे आणि प्लास्टरचे भपकेबाज डोलारे बनवून भाड्याने द्यायला सुरुवात केली. फोटोपुरता तो डोलारा टेबलावर ठेवायचा, फोटो झाला की उचलायचा; खाली असायचा तो वाटीभर सुक्या मेव्याचा आणि पावडरच्या अंड्यांचा छोटासा केक. त्यासाठीही शेजारपाजारच्यांनी आपल्या रेशनमधून चमचा-चमचा साखर दिलेली असे. पोशाख एकीचा, तो गल्लीतल्या पाच जणींनी घालायचा. कुठून तरी पॅराशूटचं रेशीम हाती लागलं तर चैनच.

इथवरची गोष्ट गोऱ्या शिपायांची. ब्रिटनमध्ये आलेल्या अमेरिकन फौजेत १९४४ च्या मध्यापर्यंत सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. फौज वर्णभेदावर उभी होती: त्यांच्या तुकड्या वेगळ्या, बराकी वेगळ्या, अधिकारी बहुतेक गोरे. लढाईपेक्षा ट्रक चालवणं, माल उतरवणं, रस्ते बांधणं ही कामं त्यांच्याकडे. ब्रिटनमध्ये वर्णभेदाचा कायदा नव्हता आणि सामान्य माणसाला तो नकोही होता. लँकेशरमध्ये बँबर ब्रिज नावाचं गाव आहे. तिथे पबमध्ये वर्णभेद करा असं अमेरिकन अधिकाऱ्यांनी सुचवलं, तेव्हा गावकऱ्यांनी ‘फक्त काळ्या सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावल्याचं सांगतात. त्याच गावात जून १९४३ मध्ये गोऱ्या लष्करी पोलिसांशी झालेल्या चकमकीत एक कृष्णवर्णीय सैनिक मारला गेला आणि बंडाचा आरोप त्याच्याच सोबत्यांवर ठेवण्यात आला.

अमेरिकन सैनिकांना ब्रिटिश रीतीभाती शिकवण्यासाठी १९४३ मध्ये ‘अ वेलकम टू ब्रिटन’ नावाची फिल्म काढली होती. त्यात एक प्रसंग आहे. रेल्वेतून उतरताना एक म्हातारी इंग्रज बाई कृष्णवर्णीय शिपायाशी बोलते. ती बर्मिंगहॅमची, आणि तोही बर्मिंगहॅमचाच निघतो, पण अलाबामातल्या. म्हातारी खूश होते आणि त्याला घरी चहाला बोलावते. मग सूत्रधार कॅमेऱ्याकडे वळून गोऱ्या प्रेक्षकांना समजावतो की बाबांनो, आपल्याकडे असं होत नसलं तरी इथे होतं, तेव्हा बिथरू नका. आता या प्रसंगात म्हातारीच का घेतली? विशीतली मुलगी असती तर ती फिल्म दाखवायची कुणाची छाती झाली नसती. आपल्या भाषेत सांगायचं तर रोटीव्यवहाराला ब्रिटनची हरकत नव्हती. बेटीव्यवहाराचं नाव निघालं की मात्र लंडनचे मंत्री आणि अमेरिकन जनरल यांचं चटकन एकमत व्हायचं. जात मोडायची तर बेटीव्यवहार सुरू व्हायला हवा, हे आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्याची उलटी बाजू ही.

ब्रिटिश सरकारची रीत कायदा करण्याची नव्हती, सूचना करण्याची होती. ऑगस्ट १९४२ मध्ये मेजर जनरल डाउलर यांनी काढलेल्या टिपणात ब्रिटिश सैनिकांना आणि महिला दलांना कृष्णवर्णीय सैनिकांपासून अंतर राखण्याचा सल्ला होता. सॉमरसेटमधल्या वर्ल गावी पाद्र्याच्या पत्नीने बायकांची सभा घेऊन नियमच घालून दिले: दुकानात आला तर माल द्या, पण पुन्हा येऊ नको म्हणा, सिनेमात शेजारी बसला तर जागा बदला, समोरून आला तर रस्ता ओलांडा. ही बातमी ‘संडे पिक्टोरियल’ने छापली आणि त्या बाईंना चांगलंच झोडपलं. गावातल्या बायकाही बाईंच्या बाजूने नव्हत्या. पण हातात हात घालून फिरणाऱ्या जोडीकडे पाहून नाक मुरडायला पाद्रीणबाईंचीच गरज होती असंही नाही. पबमध्ये त्या सैनिकाच्या खांद्यावर हात टाकणारा माणूस आपली मुलगी त्याच्याबरोबर दिसली की घरी वेगळं बोलायचा. महिला दलातल्या मुलींना शिस्तीचा बडगा दाखवता येई. इतरांवर तळाच्या हद्दीत शिरल्याचा, अतिक्रमणाचा खटला भरता येई. प्रेम हा गुन्हा नव्हता, म्हणून दुसरा गुन्हा शोधला जाई.

एकदा मात्र लोकांनी फौजेला माघार घ्यायला लावली. मे १९४४ मध्ये लिरॉय हेन्री या कृष्णवर्णीय सैनिकाला बाथजवळच्या कूम डाउनमधल्या बलात्काराच्या आरोपावरून अमेरिकन लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. फिर्यादी बाईची हकिगत गावकऱ्यांनाच पटली नाही. शिवाय इंग्लंडच्या कायद्यात या गुन्ह्याला फाशी नव्हतीच, पण अमेरिकन सैनिकांचे गुन्हे त्यांच्याच न्यायालयात चालतील असा कायदा ब्रिटिश संसदेने १९४२ मध्ये करून दिला होता. बाथच्या बेकरीवाल्यापासून सगळ्यांनी अर्जावर सह्या केल्या. आकडा ३३ हजारांवर गेला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरवण्याच्या धामधुमीत आयझेनहॉवर यांनी तो निकाल रद्द केला आणि हेन्री पुन्हा आपल्या तुकडीत गेला.

लग्नाच्या अर्जांसाठी मात्र कुणी सह्या गोळा केल्या नाहीत. कृष्णवर्णीय सैनिकाने गोऱ्या मुलीशी लग्न करण्याचा अर्ज दिला की तो जवळजवळ नेहमीच नामंजूर व्हायचा. कारण विचारलं तर तयार होतं: अमेरिकेच्या ४८ पैकी सुमारे ३० राज्यांत अशा लग्नाला कायद्याने बंदी आहे, तेव्हा तुमच्याच भल्यासाठी. मुलगी गरोदर असली तरी शेरा बदलत नसे. उलट पोटाची बातमी वर पोहोचली की त्या सैनिकाची दुसरीकडे बदली झाल्याच्या कहाण्या पुढे कितीतरी मुलांनी आईकडून ऐकल्या. बदलीचा पत्ता तिला मिळत नसे आणि तिची पत्रं त्याच्यापर्यंत पोहोचण्याची खात्री नसे. पुष्कळ मुली शेवटपर्यंत असं धरून चालल्या की तो फसवून गेला. पुष्कळ जण फसवून गेलेही असतील. पण कोण फसवून गेला आणि कुणाला हलवण्यात आलं हे वेगळं काढायची सोय फौजेने ठेवली नव्हती.

विवाहित बाईचं दुखणं आणखी निराळं. नवरा तीन वर्षं कैरोला आणि घरात पाळण्यात मूल, तेही गव्हाळ रंगाचं. गोऱ्या शिपायापासून झालेलं मूल नवऱ्याने मनावर दगड ठेवून पदरात घेतल्याची उदाहरणं आहेत. गव्हाळ मुलाच्या बाबतीत ती पळवाटच नव्हती, कारण गल्लीला न सांगता कळत होतं. ‘मूल किंवा मी’ असं नवऱ्याने पत्रातून कळवल्यावर बाईने काय करावं? आधीची दोन मुलं पदरात असतील तर? १९४७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ६० हजारांवर घटस्फोट मंजूर झाले. युद्धापूर्वी वर्षाला पाच-सहा हजार होत असत.

मंजुरी मिळालेल्यांचीही सुटका सोपी नव्हती. युद्ध संपलं, नवरे घरी गेले आणि बायका इंग्लंडमध्येच अडकल्या, कारण जहाजं आधी सैनिकांसाठी राखीव होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये शेकडो बायकांनी, कित्येक तर कडेवर तान्ही घेऊन, लंडनमध्ये सभा भरवून ‘जहाजं द्या’ म्हणून गोंधळ घातला. २८ डिसेंबरला अमेरिकन काँग्रेसने केलेला वॉर ब्राइड्स कायदा लागू झाला आणि या बायकांना इमिग्रेशनच्या ठरावीक कोट्याबाहेर प्रवेश मिळाला. प्रवासाआधीचा मुक्काम विल्टशरमधल्या टिडवर्थच्या लष्करी छावणीत. तिथे वैद्यकीय तपासणी होई. अंगावर फक्त गाउन घालून रांगेत उभं करायचं, डॉक्टरपुढे आल्यावर तोही उघडायचा आणि डॉक्टर टॉर्चने तपासायचा. पन्नास वर्षांनंतरही त्या बायका त्या तपासणीबद्दल संतापून बोलत.

‘अर्जेंटिना’ हे पहिलं खास जहाज साउदॅम्प्टनहून सुटलं ते २६ जानेवारी १९४६ ला, म्हणजे बेलफास्टला पहिली तुकडी उतरली त्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. जहाजावर ४५२ नववधू, १७३ मुलं आणि एक नवरदेव होता. एका अमेरिकन बाईशी लग्न केलेला इंग्रज. ४ फेब्रुवारीला ते न्यूयॉर्कला लागलं तेव्हा धक्क्यावर बातमीदारांची झुंबड होती. अशा सुमारे ७० हजार मुली ब्रिटनमधून अमेरिकेला गेल्या. कुणाला खरोखरच बागबगीच्याचं घर मिळालं, कुणाला ‘रँच’ म्हणून सांगितलेली झोपडी आणि विहिरीवरून पाणी भरणारी सासू. बहुतेकींचे संसार टिकले.

नामंजुरीचं ओझं आलं ते मुलांवर. कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक आणि ब्रिटिश स्त्रिया यांची किती मुलं झाली, याचे अंदाज हजारापासून दोन हजारांपर्यंत जातात. कायद्याची साखळी बघा. वरिष्ठाने परवानगी नाकारली म्हणून लग्न झालं नाही. लग्न झालं नाही म्हणून मूल अनौरस. अनौरस म्हणून बाप कायद्याने नातेवाईकच ठरत नव्हता. आणि ब्रिटिश मूल दत्तक देऊन परदेशी पाठवायचं, तर ते ब्रिटिश नागरिकाकडे किंवा नातेवाइकाकडेच पाठवता येईल, असं दत्तकाचा नवा कायदा सांगत होता. म्हणजे शिकागोतल्या बापाने पत्र लिहून ‘माझं मूल मला द्या’ म्हटलं, तरी गृहखातं कायदा दाखवून नकार देऊ शकत होतं, आणि तसं घडलंही. इकडे ब्रिटनमध्ये अशा मुलांना दत्तक घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं. दत्तक संस्था तर त्यांना अवघड प्रकरणं मानून बाजूला ठेवत.

सॉमरसेटमधल्या होल्निकोट हाउस या जुन्या वाड्यात काउंटी कौन्सिलने अशा मुलांसाठी पाळणाघर चालवलं. समुद्र जवळ, भोवती शेतं आणि टेकड्या. तिथे वाढलेल्या काहींनी म्हातारपणी त्या जागेच्या फार छान आठवणी सांगितल्या आहेत. पण मूल पाच वर्षांचं झालं की त्याला तिथून हलवायचं, असा नियम होता. ज्यांच्याबरोबर रोज झोपलो, खेळलो, ती भावंडांसारखी मुलं एका सकाळी दिसेनाशी व्हायची. १९४८ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने या मुलांचा फोटो छापला तेव्हा अमेरिकेतल्या वाचकांना हा प्रकार कळला. लंडनमध्ये जमैकाहून आलेले डॉक्टर हॅरॉल्ड मूडी आणि त्यांची लीग ऑफ कलर्ड पीपल्स ही संस्था त्याआधीच या मुलांसाठी सरकारदरबारी खेपा घालत होती. खास जबाबदारी मानून या मुलांसाठी तरतूद करा, एवढीच त्यांची मागणी होती. वेगळी वागणूक दिली तर भेदभाव होईल, असं बिनतोड उत्तर सरकारने दिलं.

साखळी तोडून पाहणारेही होते. १९४७ मध्ये इंग्लंडमधली एक कामगार तरुणी आपल्या कृष्णवर्णीय प्रियकराशी लग्न करायला थेट व्हर्जिनियाला गेली. तिथे ते लग्न गुन्हा होतं. त्याला सक्तमजुरीला पाठवलं, तिला तुरुंग दाखवून परत धाडलं. व्हर्जिनियाचा तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो १९६७ मध्ये. होल्निकोटची मुलं तोवर पंचविशीच्या आसपास होती आणि त्यांतल्या कित्येकांची स्वतःची लग्नं झाली होती.

बापांचा शोध त्यानंतर सुरू झाला, गोऱ्या शिपायांच्या मुलांचाही. अमेरिकन लष्करी दप्तर खासगीपणाचं कारण सांगून पत्ते देत नसे. ‘वॉर बेब्ज’ या ब्रिटिश संघटनेने अमेरिकेच्या संरक्षण खात्याला तिथल्याच कोर्टात खेचलं आणि १९९० च्या तडजोडीत माजी सैनिक शेवटी कुठल्या गावी राहत होता ती माहिती मिळू लागली. पण सेंट लुईसच्या ज्या इमारतीत सैनिकांच्या फायली ठेवल्या होत्या, तिला जुलै १९७३ मध्ये आग लागली होती. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसेनेच्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात जळाल्या. ज्यांच्याकडे नाव, तुकडी आणि एखादा फोटो होता त्यांचं काम काही वेळा झालं. ज्यांच्या आईने मरेपर्यंत तोंड उघडलं नाही, त्यांना अलीकडच्या डीएनए चाचण्यांपर्यंत थांबावं लागलं. त्यातून सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अमेरिकेत सावत्र बहीण, पुतणे, भाचे सापडतात. बाप बहुधा गेलेला असतो. काही घरांत आनंदाने बोलणं सुरू होतं, काही घरांत फोन ठेवून दिला जातो.